रतन काय म्हणाली

दिंद्रुडच्या बाजारात त्या दिवशी कोकरानं कागद खाल्ला नसता, तर रतनचं पुढचं आयुष्य तिला न विचारताच ठरून गेलं असतं.

पौष महिना होता. ऊन वर आलं होतं, तरी अंगातली थंडी हलत नव्हती. रतनचा बाप सटवा लोकरीचं गाठोडं सोडून घोंगडी विणणाऱ्यांशी बोलत बसला होता आणि रतन एक आजारी कोकरू काखेत धरून उन्हात उभी होती. त्याला वाडीवर एकटं टाकून येववेना, म्हणून सोबत आणलेलं. पदर सारखा करायला तिनं त्याला क्षणभर खाली ठेवलं काय, ते धडपडत सरळ लिंबाखाली गेलं.

लिंबाखाली एक तरुण मुन्शी लाकडी पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. बाजारच्या दिवशी तो इथं लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, एरवी माजलगावच्या कचेरीबाहेर बसायचा. नुकताच लिहिलेला एक कागद त्यानं वाळायला बाजूला ठेवला होता. रतन धावत पोचेपर्यंत त्या कागदाची वीतभर कड कोकराच्या तोंडात गेली होती.

आता हा चिडणार, म्हणून रतन खाली मान घालून उभी राहिली. पण मुन्शी कोकराच्या तोंडाकडे काळजीनं बघत होता.

“शाई ओली होती अजून,” तो म्हणाला. “पोटात दुखेल त्याच्या.”

“ते आधीच आजारी हाय.”

“मग अवघड आहे. कचेरीच्या कागदानं आजारी माणूस बरा झालेला मी तरी पाहिला न्हाई.”

रतनला हसू आलं. तिनं ते पदराआड लपवलं, पण डोळ्यांतलं राहून गेलं, आणि मुन्शीनं ते पाहिलं. पुन्हा लिहावं लागेल का, असं तिनं विचारलं. लागेल, तो म्हणाला, पण नेमकं काय गेलं ते आधी बघू. मग उरलेला कागद उचलून तो, कचेरीच्या उर्दूतला मजकूर मनाशी मराठीत करत, हलक्या आवाजात वाचू लागला—

“...सटवा मेंढकऱ्याची मुलगी व मयत बद्रीनाथची बेवा, मुसम्मात रतन, हिने पंचांसमक्ष सांगितले की दीर भला माणूस आहे, व घर जोडलेले राहावे अशी तिची मर्जी आहे. सबब ती दिराशी पाट लावण्यास राजी असून...” तो थांबला. “इथून पुढचं खाल्लं.”

रतनच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

“ती असं म्हनलीच न्हाई,” ती म्हणाली.

“तुमाला काय ठाऊक?”

“कावून की ती रतन मीच हाय.”

मुन्शीच्या हातातला कागद तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाची साथ आली, तेव्हा वाडीवाडीतून माणसं गेली. रतनचा नवरा बद्रीनाथ चार दिवसांत गेला. मागे राहिली सासू बायनाबाई, धाकटा दीर सुग्रीव, मेंढरांचा कळप आणि एकोणीस वर्षांची रतन. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागतो, आणि घरातली सून घरातच राहावी म्हणून दिराशीही लागतो. सासूच्या मनात तेच होतं. भाद्रपदात, सुग्रीव मेंढरं घेऊन रानात गेलेला असताना, तिनं आपल्या वाडीच्या चावडीत पंच बसवले. बायका भिंतीआड बसल्या होत्या. आश्रुबा पाटलांनी चावडीतूनच रतनला विचारलं आणि रतननं भिंतीआडूनच उत्तर दिलं. ते उत्तर कागदावर चढलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जो तो तिला म्हणू लागला की रतन, तू तर राजी झालीस. आपण नाही म्हणालो, हे तिनं सासूला सांगितलं, शेजारणींना सांगितलं. कागदावर तर तसं लिहिलंय, असंच सगळे म्हणत. इतक्या जणींनी इतक्या वेळा सांगितलं, की एकदा दळताना तिचा हात थांबला... आपण खरंच तसं बोललो असू का? त्याच दिवशी ती बापाकडे निघून आली. आता तिला परत आणून द्यावं म्हणून सुग्रीव कचेरीत अर्ज टाकणार होता. कोकरानं खाल्ला तो तोच.

“त्या दिवशी चावडीत लिवायला कोन होतं, ते मला शोधायचंय,” रतन म्हणाली. “भिंतीआडून मला दिसलं न्हाई.”

मुन्शीनं लेखणी पेटीवर ठेवली.

“मी होतो,” तो म्हणाला.

त्याचं नाव मुंजाजी. तोही मेंढकऱ्याच्याच घरातला, धर्मापुरीकडचा. चुलता मोमिनाबादच्या छावणीत घोड्यांच्या तैनातीला होता, त्याच्याकडे राहून तो मोडी आणि उर्दू शिकला आणि मेंढरांमागं चालायचं राहून गेलं. साथीनं त्याचीही बायको नेली होती, लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. चावडीच्या दिवशी वाडीचे पटवारी गावी नव्हते, म्हणून पाटलांनी त्याला बोलावून घेतलं होतं. भिंतीआडून बाईचा आवाज आला होता, न अडखळता बोलणारा. तो त्याला आठवत होता. पाटील म्हणाले होते, लई लांबण नको, मतलब तेवढा लिव. आणि पाटलांनी सांगितला तो मतलब त्यानं लिहिला होता.

“मी काय म्हनले होते, सांगू?” रतननं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं एका दमात म्हणून दाखवलं, “सुग्रीव भावजी चांगले हायेत. पर ते माझ्या हातचं खाऊन मोठे झालेत, मला त्यांच्यात माझा धाकटा भाऊ दिसतो. घर जोडलेलं ऱ्हाऊ द्या. पाट लावू नका.”

मुंजाजीनं उरलेला कागद पुन्हा डोळ्यांखालून घातला. अगदी हेच त्यानं ऐकलं होतं. दीर चांगला आहे हे कागदावर आलं होतं, घर जोडलेलं राहावं हेही आलं होतं. मधलं गळालं होतं आणि शेवटचं गळालं होतं.

“हा अर्ज मी पुन्हा लिवनार न्हाई,” तो शेवटी म्हणाला.

“तुमी न्हाई लिवला तर दुसरा कुनी लिवंल. माझा जबाब लिवा. आन् मी म्हनले तसा लिवा.”

विनवणी नव्हती ती. तिनं कोकराला उचललं आणि ती बापाकडे निघाली. सुग्रीवचा अर्ज मुंजाजीनं त्याच दिवशी त्याला परत केला, दुसऱ्याकडून लिहून घे म्हणून सांगितलं. सुग्रीवनं माजलगावच्या एका म्हाताऱ्या मुन्शीकडून तो जसाच्या तसा लिहून घेतला. माघातली तारीख लागली.

पुढच्या बाजारी रतन आली, तेव्हा मुंजाजीनं जबाब लिहून ठेवला होता. कसा चांगला उतरलाय या भावनेनं त्यानं तो वाचला. ‘मुसम्मात रतन हिने सांगितले की तिला दिराच्या ठायी तिचा धाकटा भाऊ दिसतो, व पाट लावू नये असे तिचे म्हणणे आहे.’

रतननं नीट ऐकून घेतलं.

“ही ‘तिला’ कोन? मी ‘तिला’ म्हनले न्हाई, ‘मला’ म्हनले.”

मुंजाजीनं समजावून सांगितलं, की कचेरीत लिहायची रीतच तशी. एकाचं बोलणं दुसरा सांगतो, तेव्हा ‘मी’ची ‘ती’ होते, ‘आज’चा ‘त्या दिवशी’ होतो, ‘इथं’चं ‘तिथं’ होतं. मतलब तोच राहतो.

“म्हंजे बोलनारीला तिच्याच बोलन्यातून भायेर काढायचं,” रतन म्हणाली. “मागच्या खेपेला बी मतलबच लिवला व्हता तुमी.”

मुंजाजी नुसता कान खाजवत राहिला. मग रतनलाच त्याची दया आली. कचेरीत उर्दूत कसं जाणार ते तरी ऐकवा, असं ती म्हणाली. त्यानं ऐकवलं. सगळं वाक्य तिच्या डोक्यावरून गेलं, तरी ती मन लावून ऐकत होती.

“ह्याच्यात माझा भाऊ कुठं हाय?”

“हा काय. ‘बिरादर-ए-खुर्द’.”

“ह्यो?” ती हसू लागली. “माझ्या भावाला मीच वळखलं न्हाई की.”

मुंजाजीही हसला. हसता हसता तिच्याकडे बघत राहिला, आणि आपण बघतोय हे लक्षात आल्यावर घाईघाईनं पेटी उघडून काहीतरी शोधू लागला. खरंच एक पुस्तक सापडलं. नगरकडून, इंग्रजी मुलखातून आलेलं छापील मराठी पुस्तक, त्यानं चुलत्याकडून मागून घेतलेलं. एक पान काढून त्यानं तिच्यापुढे धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“ह्या दोन बारीक काड्या दिसल्या? शब्दांच्या डोक्यावर? तशाच दोन तिकडं शेवटी. ह्यांच्या आत जे आहे ते त्या माणसाच्या तोंडचं, जसं बोलला तसं. त्यात ‘मी’ असंल तर ‘मी’च ऱ्हातो. लिवनाऱ्यानं आत पाऊल टाकायचं न्हाई.”

रतननं वाकून पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण काड्या दिसल्या.

“वाघरीवानी,” ती म्हणाली. मेंढरं बसवली की भोवती जाळं लावतात, ती वाघर. “आतलं भायेर जात न्हाई, भायेरचं आत येत न्हाई.”

“तशीच.”

“मग मोडीत कावून लावत न्हाईत?”

मोडीत अशा खुणाच नाहीत, तो म्हणाला. उर्दूतही नाहीत. तिथं एकदा ‘की’ म्हटलं, की पुढं कुणाचं बोलणं कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

“तुमी लावा,” रतन म्हणाली.

मुंजाजीनं मनाशी हिशेब केला. तिचं बोलणं उर्दूत केलं की पुन्हा दुसऱ्याचं होणार. मराठीत ठेवलं तर साहेबांपुढं कागद वाचणाऱ्या पेशकाराला वाचता येणार नाही. मग त्यानं एक विचार बोलून दाखवला. अक्षरं उर्दूची आणि शब्द तिचे. वाचणारा कुणीही असो, त्याच्या तोंडून रतनचंच वाक्य बाहेर पडायचं. असं कुणी कधी केलेलं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

मग तिला एकेक शब्द विचारून तो लिहू लागला. ‘चांगले’ म्हणालात का ‘भले’? ‘भला’ पाटलाचा शब्द, ती म्हणाली, माझा ‘चांगले’. ‘धाकटा भाऊ’, का ‘धाकट्या भावासारखा’? ‘सारखा’ न्हाई. धाकटा भाऊ. तो खोडत होता, पुन्हा लिहीत होता. ती पेटीच्या पलीकडे उकिडवी बसून, आपलं बोलणं उजवीकडून डावीकडे चालत जाताना बघत होती. नवरा गेल्यापासून तिच्याशी बोलणारे पुष्कळ होते. ती नेमकं काय बोलली हे विचारणारा हा पहिलाच.

तिसऱ्या बाजारी ती आली ती तणतणत. माजलगावहून आलेल्या एका घोंगडीवाल्यानं तिच्या बापाला सांगितलं होतं, की चावडीतला कागद चुकीचा लिहिला असं मुन्शी स्वतः लिहून देणार असेल, तर त्याची अर्ज लिहायची सनद राहणार नाही.

“खरं हाय का हे?”

“राहील न राहील... साहेबांच्या मनावर आहे.”

“मला कावून सांगितलं न्हाई?”

“तुमी नको म्हनला असता.”

“आता म्हनते. नको.”

मुंजाजीनं मान हलवली. बोलण्यात तो तिच्याइतका धीट नव्हता, पण या बाबतीत त्याचा निश्चय झालेला दिसत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, “आठ वर्सं लोकांचं बोलनं लिवतोय मी. आनखी कुनाकुनाचं असं लिवलं असंल, देव जाणे. हे तुमच्यापायी न्हाई.” जरा थांबून त्यानं पुस्ती जोडली, “म्हणजे... तुमच्यापायी बी.”

रतननं नजर खाली वळवली. पेटीवर त्याची वही उघडी होती. मोडीतल्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना त्या बारीक काड्या. पानभर.

“हे कुनाचं बोलनं?”

त्यानं वही मिटायला हात पुढे केला. तिनं आधी हात ठेवला.

“वाचा.”

मुंजाजीचे कान लाल झाले. त्यानं वाचलं. “‘ते आधीच आजारी हाय.’ ... ‘माझ्या भावाला मीच वळखलं न्हाई की.’ ... ‘कोकरू आता दूध पितंय, पर माझ्याकडं बघत बघत पितंय.’ ... ‘मुन्शी, तुमी लिवताना जीभ भायेर काढता.’”

“हे कशाला लिवून ठेवलं?”

“विसरू नये म्हणून.”

रतनला वाटलं, जे बोलावं ते हा लिहून ठेवणार. ती तशीच उठली आणि एक शब्द न बोलता बाजारातून चालू लागली. बापाबरोबर ती घराकडे निघाली. वाटेत सटवानं दोनदा काही विचारलं, तिला ऐकूच आलं नाही.

माघातल्या तारखेला बापलेक सहा कोस चालून माजलगावला गेले. कचेरीपुढच्या ओट्यावर सुग्रीव आईशेजारी बसला होता, आश्रुबा पाटील येरझाऱ्या घालत होते. सुग्रीवनं रतनला पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मिसरूड फुटून वर्ष झालेला पोरगा तो. त्यानं नवं पागोटं बांधलं होतं आणि ते सारखं डोळ्यांवर येत होतं.

आत पुकारा झाला. तहसीलदारसाहेब मधे बसले होते, बाजूला पेशकार. पेशकार म्हातारा, औरंगाबादेकडचा, घरात मराठी नसलेला. त्यानं आधी अर्ज वाचला, मग चावडीतला कागद. साहेबांनी रतनला विचारलं, की पंचांपुढे तू हे बोललीस, आता फिरतेस का? आपला जबाब लिहिलेला आहे, तो आधी वाचावा, असं रतन म्हणाली. एवढ्या लोकांत आपला आवाज कापतो की काय ही धास्ती तिला होती. तो कापला नाही.

पेशकारानं जबाब हातात घेतला आणि चष्मा वर-खाली केला. या उभ्या रेघा कसल्या, असं त्यानं विचारलं. मुंजाजी दाराशी उभा होता, तो पुढे आला.

“हुजूर, त्या रेघांच्या आतले शब्द बाईंचे आहेत. बाहेरचे माझे.”

साहेबांनी वाचायची खूण केली. पेशकार अडखळत, एकेक अक्षर जुळवत वाचू लागला. त्याच्या जिभेला ते शब्द परके होते. ‘माझा’तला ‘झ’ तर त्याला जमतच नव्हता. पण कचेरीच्या त्या उंच छताखाली, दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या आवाजात, रतनचं बोलणं निघालं—

“सुग्रीव भावजी चांगले हायेत. पर ते माझ्या हातचं खाऊन मोठे झालेत, मला त्यांच्यात माझा धाकटा भाऊ दिसतो...”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पेशकारानं शेवटपर्यंत वाचलं. साहेबांनी मुंजाजीला विचारलं, की चावडीतला कागदही तुझ्याच हातचा आणि हाही तुझ्याच हातचा, मग खरा कुठला?

“हा, हुजूर. त्या दिवशी बाई काय बोलल्या ते मी ऐकलं होतं. पण लिहिलं ते पाटलांनी सांगितलं ते. कसूर माझी आहे.”

पाटील पुढे सरसावले. आपण मतलब सांगितला, त्यात वावगं काय, दीर चांगला आणि घर जोडून ठेवा म्हटल्यावर दुसरा अर्थ काय निघतो, असं ते बोलत राहिले. साहेबांनी त्यांना हातानंच थांबवलं, कारण सुग्रीव उठून उभा राहिला होता. पागोटं हातात काढून घेऊन तो रतनकडे बघत होता.

“वयनी, तुमी असं म्हनलात?”

“म्हनले.”

“मला तर सांगितलं, की तुमीच मागनी घातली म्हणून.” त्यानं हातातलं पागोटं चुरगळलं. “मला वाटलं, आता न्हाई कसं म्हनावं. वयनीला वाईट वाटंल.”

बायनाबाईनं पोराचा हात ओढला. तो बसला नाही. आपला अर्ज आपण मागे घेतो, असं त्यानं साहेबांना सांगितलं. घाबरत सांगितलं, पण स्वतःच्या तोंडानं सांगितलं. साहेबांनी तसा हुकूम लिहवून घेतला. मग दुसरा हुकूम झाला. ऐकलं एक आणि लिहिलं दुसरं, या कसुरीबद्दल मुंजाजीची सनद दोन वर्षं बंद.

बाहेर आल्यावर सुग्रीव रतनच्या पाया पडला आणि सणाला घरी या म्हणाला. बायनाबाई लांब उभी होती. पण तिनंही जाताना एकदा वळून पाहिलं. मुंजाजी आपली पेटी डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर पडत होता. भोवती माणसं होती, बाप होता. रतनला त्याच्यामागं धावता आलं नाही. त्यानं वळून पाहिलं तेव्हा तिनं फक्त हात जोडले, आणि ते फार थोडं आहे हे हात जोडतानाच तिला कळलं.

तो धर्मापुरीला आईकडे गेल्याचं पुढच्या बाजारी कळलं. लिंबाखाली दुसराच कुणी बांगड्या मांडून बसला होता. पंधरा दिवस गेले, महिना गेला. रतन मेंढरांमागं जाई, येई, आणि मधेच एखादं वाक्य बोलून गेली की तिला वाटे, हे आता कुणी लिहिणार नाही.

मग एक दिवस तिची आत्या भामाबाई आली. तिचं सासर धर्मापुरीकडचं. रतनला बाजूला घेऊन आत्यानं सांगितलं, की मुन्शी भेटला होता. तो म्हणत होता, की रतनची हरकत नसेल तर, आणि तिच्या बापाची मर्जी असेल तर, त्याच्या मनात आहे की...

“आत्या,” रतन म्हणाली, “हे त्यांचं बोलनं, का तुझं?”

“मतलब तोच हाय की गं.”

“मतलब नको. त्यांना म्हनावं, काय असंल ते हितं येऊन बोला.”

आत्यानं कपाळावर हात मारला. बाईमाणसानं असा निरोप धाडायचा असतो का, असं ती जाईपर्यंत पुटपुटत होती. पण निरोप तिनं पोचवला.

फाल्गुन सरत आला होता. जोंधळा निघून रानं मोकळी झाली होती आणि सटवानं एका शेतात मेंढरं बसवली होती. दोन दिवसांची चाल चालून मुंजाजी तिथं पोचला, तेव्हा दुपार कलली होती. सटवा बांधावर बसून काठी तासत होता. मुंजाजीनं त्याला रामराम केला. सटवानं मान हलवली आणि काठी तासत राहिला. चावडीत लेकीचं बोलणं फिरवलं गेलं तेव्हा तो तिथंच बसला होता आणि गप्प राहिला होता. तेव्हापासून तो आणखीच कमी बोलायचा.

रतन मेंढरांतून चालत आली. तिच्या हातापायांना धूळ होती, केसांत काटकी अडकली होती. दोघं समोरासमोर उभी राहिली.

“बोला,” ती म्हणाली.

मुंजाजीनं घसा साफ केला. सगळी वाट त्यानं हेच जुळवलं होतं. “माझी अशी इच्छा आहे की... रतनबाईंची हरकत नसेल तर, त्यांनी...”

“रतनबाई हितंच हायेत.”

तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मेंढरं ओरडत होती, वारा सुटला होता, आणि त्याच्या हातात लेखणी नव्हती, कागद नव्हता. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“रतन,” तो म्हणाला, “मला तुझ्यासंगं ऱ्हायचंय. दुसऱ्या कुनासंगं न्हाई.”

‘तू’ म्हणाला तो. पहिल्यांदाच. रतनला हसायचं होतं, आणि डोळ्यांत तर पाणी जमत होतं. तिनं पाठमोरं होऊन पदरानं तोंड पुसलं आणि तशीच बांधाकडे चालत गेली. आजवर त्यांच्या घरात कुठल्या लेकीनं हे बापाला स्वतः सांगितलं नव्हतं. ते आत्याकडून, आईकडून, आडून आडूनच बापापर्यंत जायचं.

“बाबा,” ती म्हणाली, “मला ह्यांच्यासंगं पाट लावायचा हाय.”

सटवाची काठी तासायची थांबली. त्यानं लेकीकडे पाहिलं. मग लांब उभ्या असलेल्या त्या मुन्शीकडे, त्याच्या धुळीनं माखलेल्या धोतराकडे, पायांतल्या वहाणांकडे.

“त्याला म्हनावं, ह्या वहाना मेंढरामागं टिकायच्या न्हाईत,” तो म्हणाला. आणि मग, स्वतःशीच मान हलवत, “थांब. मीच सांगतो.”

काठी हातात घेऊन तो उठला आणि बांध उतरून मुंजाजीच्या दिशेनं चालू लागला.